गोल्फ : वाचकांचे प्रश्न – थंडीतला बॉल, उन्हातला खेळ

या वेळी फक्त हवामानाचे प्रश्न घेतले आहेत. अंतरं यार्डांत आणि तापमान सेल्सिअसमध्ये दिलं आहे. नियमांचे उल्लेख २०२३च्या आवृत्तीप्रमाणे आहेत.

प्रश्न : मे महिन्यात माझा सेव्हन आयर्न (मध्यम अंतराचा क्लब, म्हणजे बॉल मारायची काठी) आरामात १४० यार्ड जातो. डिसेंबरात सकाळी सातच्या टी-टाइमला तोच क्लब, तोच बॉल, तरी बॉल ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) अलीकडच्या बंकरमध्ये, वाळूच्या खड्ड्यात पडतो. स्विंग बिघडलाय का? कोचकडे जाऊ? – एक वाचक, औंध, पुणे

कोचकडे जाण्याआधी त्या सकाळचं तापमान बघा. हवा किती दाट आहे हे निरपेक्ष तापमानावर ठरतं, म्हणजे सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवून जो आकडा येतो त्यावर. मेमधली ४० अंशांची दुपार म्हणजे ३१३, डिसेंबरातली १० अंशांची सकाळ म्हणजे २८३. ३१३ला २८३ने भागलं की १.१०६ येतं. थोडक्यात, डिसेंबरच्या सकाळी तुमच्या बॉलला साडेदहा टक्के जास्त दाट हवा कापत जावं लागतं. घनता १ टक्क्याने वाढली की कॅरी (बॉल जमिनीला टेकेपर्यंत हवेत कापतो ते अंतर) साधारण ०.४ टक्क्याने घटते, असा ढोबळ हिशेब धरा. १४० यार्डांतले ५ ते ६ यार्ड इथेच गेले.

बाकीचे यार्ड बॉल आणि शरीर खातात. बॉलचा गाभा रबराचा, बहुतेक पॉलिब्युटाडाइनचा असतो. रबर थंड झालं की दबल्यानंतर पूर्वीसारखं उसळत नाही. त्याचे १ ते ३ यार्ड. वर स्वेटर, आखडलेले खांदे आणि गारठलेली बोटं. क्लबहेडचा वेग ताशी २ मैलांनी जरी कमी पडला तरी सेव्हन आयर्नचे आणखी ४ यार्ड जातात. बेरीज १० ते १३ यार्डांची होते, म्हणजे जवळपास एका क्लबचा फरक. स्विंगचा यात दोष नाही.

तेव्हा एक आकडा खालचा, म्हणजे थोडा जास्त लांब जाणारा सिक्स आयर्न घ्या आणि नेहमीच्या किंवा त्याहून किंचित सावकाश लयीत मारा. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते सेव्हनच हातात धरून जोर लावल्याने. थंड शरीर जोराला साथ देत नाही, वजन मागच्या पायावर राहतं, ब्लेडची खालची कड बॉलच्या पोटात बसते आणि हाताला झिणझिण्या येतात. असा एक फटका बसला की पुढचे चार होल हात आपोआप सैल पडतात.

प्रत्येक क्लबला हा फरक सारखा लावायचा नाही. ६० यार्डांच्या पिचला (छोट्या, उंच फटक्याला) तो जाणवत नाही, तिथे नेहमीसारखंच खेळा. ड्रायव्हरची, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबची, २२० यार्डांची कॅरी मात्र नुसत्या हवेमुळे ९ यार्डांनी घटते. मे महिन्यात सहज ओलांडलेला नाला डिसेंबरात ओलांडला जाईलच असं धरू नका.

आपल्या पठारावर याला आणखी एक पदर आहे. पुण्यात डिसेंबरात सकाळी सातला १०-१२ अंश असतात, पण अकरापर्यंत पारा २५च्या आसपास जातो. पहिल्या होलला घेतलेला जादा क्लब चौदाव्या होललाही सवयीने घेतला, तर बॉल ग्रीनच्या मागे जातो. स्वेटर काढला की जादा क्लबही सोडायचा, एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

शरीर मोकळं करायला १० मिनिटं भरभर चाला. मग वेजने (छोट्या, उंच फटक्यांच्या क्लबने) अर्ध्या स्विंगचे दहा-बारा बॉल, त्यानंतर मधला आयर्न, ड्रायव्हर शेवटी. जाड जॅकेटपेक्षा अंगालगत पातळ पूर्ण बाह्यांचा थर आणि वर बिनबाह्यांचं जॅकेट घातलं तर खांदे मोकळे राहतात. तुमची अंतरं सिम्युलेटरवर मोजलेली असतील, तर त्यात कोणतं तापमान आणि समुद्रसपाटीपासून किती उंची भरली होती, तेही विचारून घ्या.

प्रश्न : मग बॉल गरम करून खेळला तर? थर्मासमधल्या गरम पाण्यात बुडवून ठेवायची कल्पना एकाने दिली आहे. – एक वाचक, नाशिक

नको. खेळण्याचे गुणधर्म बदलावेत म्हणून मुद्दाम गरम केलेला बॉल मारणं नियम ४.२ने मना आहे, आणि शिक्षा एक-दोन फटक्यांची नाही, थेट स्पर्धेतून बाद. हात शेकायला हँड वॉर्मर वापरायला हरकत नाही. मात्र त्याच खिशात त्याच्यावर बॉल शेकत ठेवू नका.

नियमात बसणारा उपाय अगदी साधा आहे. थंडीच्या दिवसांत गोल्फ बॅग रात्रभर गाडीच्या डिकीत ठेवायची नाही, घरात आणायची. रबर उष्णतेचं मंद वाहक आहे. रात्रभर गारठलेल्या बॉलच्या गाभ्यापर्यंत ऊब पोहोचायला तास जातात, त्यामुळे पँटच्या खिशात १५ मिनिटं ठेवून फारसं काही साधत नाही. थंडीसाठी मऊ, कमी कॉम्प्रेशनचा बॉल घ्यावा का, असंही तुम्ही विचारलं आहे. हाताला तो कमी लागतो हे खरं, पण थंडीत तोही मंदावतोच. ग्रीनभोवती ज्या बॉलचा अंदाज तुमच्या हातात बसला आहे, तो बदलू नका.

प्रश्न : सकाळच्या फेरीत ग्रीनवर इतकं दव असतं की पट (होलकडे घरंगळत मारलेला बॉल) अर्ध्यात थांबतो. बॉल ते होल एवढी पट्टी टॉवेलने पुसली तर चालेल का? – एक वाचक, कोल्हापूर

नाही चालणार. सुटी पानं, काड्या, खडे उचलता येतात, पण दव आणि हिम (गोठलेलं दव) ‘सुटा अडथळा’ या व्याख्येत बसत नाहीत. खेळाच्या रेषेवरचं दव पुसलं की नियम ८.१चा भंग होतो. एकूण फटके मोजणाऱ्या स्ट्रोक प्लेत दोन फटके, होलवार लढतीच्या मॅच प्लेत तो होल गेला. दव पुसायची मुभा आहे ती टीइंग एरियात, म्हणजे टीवर, होलचा पहिला फटका मारायच्या जागी. ग्रीनवर खूण करून बॉल उचलता आणि पुसता येतो. ते प्रत्येक पटला न चुकता करा.

असा पट खेळायचा कसा? दवावरून गेलेल्या बॉलमागे एक गडद रेघ उमटते. आधी पट केलेल्या जोडीदाराची रेघ नीट बघा. सुरुवातीला बॉल पाण्याचे फवारे उडवत घसरत जातो, आणि वेग मरायला लागला की पाणी त्याला धरून ठेवतं. म्हणून दवात पट कमी वळतो आणि लवकर थांबतो. २० फुटांच्या पटला होलच्या दोन-अडीच फूट पुढे लक्ष्य धरा आणि वळण थोडं कमी घ्या. ऊन चढून दव उडालं की तोच अंदाज चार फूट पुढे नेईल, हेही ध्यानात असू द्या.

वेजच्या बाबतीत दव आणखी फसवतं. ओला क्लबफेस आणि ओला बॉल यांत घर्षण उरत नाही. बॉल उंच निघतो आणि स्पिन निम्म्याच्याही खाली येऊ शकतो. तो पडल्यावर थांबत नाही, पुढे पळतो. फेअरवेवर (टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर) बॉल उचलून पुसता येत नाही, पण क्लबफेस पुसता येतो. बॅगेत दोन टॉवेल ठेवा. एक ओला मातीसाठी, एक कोरडा फेससाठी, आणि कोरडा टॉवेल गवतावर टाकायचा नाही.

प्रश्न : माझे सासरे ६८ वर्षांचे आहेत, रक्तदाबाची गोळी चालू आहे. एप्रिल-मेमध्येही अठरा होल चालत खेळायचा त्यांचा आग्रह असतो. त्यांचा आनंद हिरावून घ्यायचा नाही, पण धास्ती वाटते. काय काळजी घ्यावी? – एक वाचक, नागपूर

तुमची धास्ती योग्य आहे. त्यांचा खेळ बंद न करताही ती पुष्कळ कमी करता येते.

पहिली गोष्ट वेळेची. चालत अठरा होल म्हणजे ८ ते १० किलोमीटर आणि चार ते साडेचार तास. पावणेसहाला पहिला टी-शॉट मारला तरी संपायला सव्वादहा होतात, आणि मेमधलं नागपूरचं सव्वादहाचं ऊन काय असतं हे तुम्हाला सांगायला नको. त्या दोन महिन्यांत नऊ होल खेळून आठ-सव्वाआठला घरी, हा त्यांच्याशी ठरवण्याजोगा करार आहे. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. मार्चअखेरीस दोन-चार फेऱ्या चुकल्या असतील, तर एप्रिलात एकदम पूर्ण फेरी नको, पाच-सहा होलपासून सुरुवात करावी.

दुसरी गोष्ट गोळीची. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि क्षार बाहेर टाकतात, काही हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत. दोन्हींमुळे उन्हाचा ताण सोसायची शरीराची ताकद कमी होते. स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही किंवा वेळही बदलायची नाही. ‘मी उन्हाळ्यात सकाळी दोन-अडीच तास चालतो’ हे डॉक्टरांना स्पष्ट सांगून पाणी आणि मीठ किती घ्यायचं ते विचारून घ्यावं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर पुढचा पाण्याचा हिशेब डॉक्टरांच्या आकड्यापुढे गौण आहे.

एरवी हिशेब असा : निघण्याआधी तास-दोन तासांत ४०० ते ५०० मिली पाणी, मग दर १५-२० मिनिटांनी एक पेला, म्हणजे सुमारे २०० मिली. एका होलला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणून ‘दर टीवर एक पेला’ असंच ठरवून टाका आणि नऊ होलला दोन लिटर बरोबर द्या. उतारवयात तहानेची जाणीव मंद होते, तहान लागेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. मात्र तासाला दीड लिटर असं घटाघटा पिणंही घातक, त्याने रक्तातलं सोडियम खाली जातं. ओआरएसचं पाकीट घेत असाल तर त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच पूर्ण पाकीट घाला. अर्ध्या बाटलीत अंदाजाने ओतलेलं द्रावण जास्त तीव्र होतं. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ घातलेलं पातळ ताकही उत्तम. मधुमेह असेल तर साखरेबद्दल आधी विचारा.

कपडे सैल, फिक्या रंगाचे आणि पूर्ण बाह्यांचे असावेत. टोपी अशी हवी जिची कड मानेवरही सावली धरेल. तुमच्याकडे डोक्याला दुपट्टा बांधतात, तोच ओला करून मानेभोवती घेतला तर फार उपयोग होतो. नागपूरची हवा कोरडी असल्यामुळे पाणी झटकन उडतं आणि जाताना त्वचेची उष्णता घेऊन जातं. (मुंबईच्या वाचकांनी यावर विसंबू नये. तिथल्या दमट हवेत ओलं कापड ओलंच राहतं, त्यापेक्षा सावली आणि वारा शोधावा.)

धोक्याच्या खुणा त्यांच्याबरोबर खेळणाऱ्यांनाही ठाऊक हव्यात. पोटऱ्यांत गोळे, डोकेदुखी, मळमळ, चक्कर यांपैकी काहीही झालं तर खेळ तिथेच थांबवायचा, सावलीत पाय थोडे उंच करून निजवायचं आणि घोट घोट पाणी द्यायचं. बोलणं असंबद्ध झालं, स्कोअर विचारला तर भलतंच उत्तर आलं, तोल गेला, तर तो उष्माघात समजायचा, घाम येत असला तरीसुद्धा. १०८ला फोन करा आणि रुग्णवाहिकेची वाट बघत बसू नका. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला, मान, काखा आणि जांघांत बर्फ ठेवा. शुद्ध पूर्ण नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. तापाची गोळी इथे काम करत नाही.

आणखी एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. सासऱ्यांच्या बरोबर त्यांचा कॅडी त्याच उन्हात तेवढाच चालतो, आणि त्याच्या खांद्यावर बॅग असते. चौदा क्लब, डझनभर बॉल आणि छत्रीसकट मोठी बॅग १२ ते १५ किलोपर्यंत जाते. उन्हाळ्यात हलकी स्टँड बॅग, आठ-नऊ क्लब आणि चार बॉल पुरतात. घरून निघताना त्याच्यासाठीही वेगळी दोन लिटरची बाटली भरून द्या, आणि पेला टीवर दोघांनी घ्यायचा.

प्रश्न : मुंबईची दमट हवा जड असते, म्हणून बॉल पुण्यापेक्षा कमी जातो, हे खरं का? – एक वाचक, चेंबूर

कमी जातो हे खरं, कारण मात्र वेगळं. पाण्याच्या रेणूचं वजन १८, कोरड्या हवेचं सरासरी २९. वाफ मिसळली की हवा उलट किंचित हलकी होते. तो परिणाम इतका बारीक आहे की क्लब निवडताना विसरून जा. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, तिथली हवा विरळ आहे, म्हणून १४० यार्डांमागे ३ यार्ड जास्त मिळतात. त्यात मुंबईचा खारा वारा आणि ओलसर फेअरवे, जिथे बॉल पडल्यावर धावत नाही. ‘जड हवा’ वाटते ती यामुळे.

प्रश्न : घामाने ग्रिप निसटते. दर दोन महिन्यांनी नवा ग्लव्ह लागतो. उपाय? – एक वाचक, खारघर

एकच ग्लव्ह अठरा होल घालू नका. तीन ठेवा, दर तीन-चार होलला बदला आणि काढलेला बॅगच्या बाहेर उघड्यावर अडकवा. खिशात कोंबलेलं ओलं चामडं वाळून कडक होतं आणि तळव्याशी फाटतं. पटिंगला ग्लव्ह काढणं हेही त्याला वाळायला दिलेली सवडच. फार घाम येत असेल तर पावसाळी कापडी ग्लव्हची जोडी वापरून बघा. तो ओला झाल्यावर जास्त घट्ट धरतो, जून ते सप्टेंबर तर तोच घाला. नव्या ग्रिप बसवताना दोरा विणलेली कॉर्ड ग्रिप मागा.

पुष्कळदा खरा दोषी घाम नसून सनस्क्रीन असतं. हाताला लावलेलं सनस्क्रीन ग्रिपवर चढतं आणि रबरावर तुळतुळीत थर धरतो. ते टी-टाइमच्या अर्धा तास आधी लावा आणि तळवे साबणाने धुवा. आठवड्यातून एकदा कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश घेऊन ग्रिप घासा आणि पूर्ण वाळू द्या.

उन्हाळ्यात क्लब डिकीत ठेवणं हीसुद्धा मोडून टाकायची सवय आहे. बंद गाडीतल्या उष्णतेने ग्रिपखालची चिकटपट्टी मऊ होते आणि ग्रिप हातात फिरू लागते. हेड आणि शाफ्ट जोडणारं इपॉक्सीही वारंवार तापून कमजोर होतं. हेडच्या वरची काळी प्लॅस्टिकची फेरूल वर सरकून खाली फट दिसू लागली, तर तो क्लब मारू नका, दुरुस्तीला द्या.

प्रश्न : कडाक्याच्या थंडीत सकाळी इथे हिम पडलं म्हणून तास-दीड तास कोर्स बंद ठेवतात. गवत तर एरवीही पिवळंच असतं, मग एवढं जपायचं कशाला? – लष्करी सेवेतील एक वाचक, सध्या चंडीगड

ग्रीनवरचं गवत तीन-चार मिलिमीटरवर कापलेलं असतं. हिम पडलेल्या सकाळी त्या पात्यांतलं पाणीही गोठतं. त्यावर बूट पडला की पातं वाकत नाही, काचेसारखं मोडतं आणि आतल्या पेशी फुटतात. लगेच काही दिसत नाही. दोन-तीन दिवसांनी काळपट-तपकिरी पावलं उमटतात, टाच आणि चवडा ओळखू येईल इतकी स्वच्छ. उन्हाळ्यात असा डाग आठवड्यात भरून येतो, पण थंडीत वाढ जवळजवळ थांबलेली असते. म्हणून तो कित्येक आठवडे राहतो आणि प्रत्येकाचा पट त्यावरून उडत जातो.

हवा ३-४ अंश दाखवत असताना हिम कसं, असंही तुम्ही विचारलं आहे. निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते, आणि गवताचं टोक डोक्याच्या उंचीवरच्या हवेपेक्षा कितीतरी थंड होतं. म्हणून ढगाळ सकाळी हिम नसतं. झाडांच्या सावलीतली ग्रीन्स सर्वांत शेवटी मोकळी होतात, माळी तिथून परत आल्यावरच कोर्स उघडतात. तोवर कार्टही गवतावर नेऊ नका.

प्रश्न : जानेवारीत आमची ग्रीन्स चांगली पळतात (त्यांवर बॉल वेगात घरंगळतो), उन्हाळ्यात दुपारी तीच मंद का होतात? – एक वाचक, पुणे

आपल्याकडच्या बहुतेक कोर्सवर बर्म्युडा गवत असतं, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दुर्वांचीच, शेतकऱ्याला छळणाऱ्या हरळीचीच जात. ती २७ ते ३५ अंशांत जोमाने वाढते आणि थंडीत सुस्तावते. मेमध्ये पाणी मिळालं की सकाळी कापलेलं पातं दुपारपर्यंत वाढून आडवं कलतं, त्यालाच ग्रेन म्हणतात. होलची कड निरखून बघा. एका बाजूला ती धारदार दिसेल आणि समोरच्या बाजूला झिजलेली, विस्कटलेली. गवत त्या विस्कटलेल्या बाजूकडे कललेलं असतं. तिकडे जाणारा पट पळतो, उलटा येणारा अडखळतो. बॉलमागून बघताना गवत चकाकत असेल तर ग्रेन तुमच्यापासून दूर जाणारा, गडद दिसत असेल तर तुमच्याकडे येणारा.

प्रश्न : इथे हिवाळ्यात जमीन गोठलेली असते आणि ग्रीनवर टाकलेला बॉल टप्पा घेऊन रस्त्यावर जातो. – एक वाचक, न्यू जर्सी, अमेरिका

ग्रीनवर टाकूच नका. २० ते ३० यार्ड अलीकडे टाका आणि बॉल घरंगळत येऊ द्या. त्यासाठी एट आयर्नचा बुटका रनिंग शॉट वेजपेक्षा कितीतरी भरवशाचा. हवेत गमावलेले यार्ड गोठलेली फेअरवे परत देते, त्यामुळे तुमच्याकडे जादा क्लब घ्यायचा सल्ला कॅरीपुरताच खरा. बंकरची वाळू गोठलेली असेल तर सँड वेज उसळून बॉलच्या मध्यावर बसतो. तिथे कमी बाउन्सचा (तळाचा फुगवटा कमी असलेला) क्लब घ्या आणि बॉल स्वच्छ उचला.

प्रश्न : वळवाच्या दिवसांत दुपारी गडगडायला लागलं तर होल पूर्ण करून निघावं का? – एक वाचक, सातारा

नाही. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोहोचू शकते. विजेचा धोका आहे असं वाजवी कारणाने वाटलं, तर समितीच्या भोंग्याची वाट न बघता खेळ थांबवायचा हक्क नियम ५.७ तुम्हाला स्पर्धेतही देतो. क्लब आणि छत्री खाली ठेवा, एकट्या झाडाखाली थांबू नका. उघड्या बाजूंची कार्ट किंवा पत्र्याची शेड वाचवत नाही. क्लबहाउस किंवा काचा वर केलेली बंद गाडी गाठा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं जाईपर्यंत बाहेर पडू नका.